व्यवसाय-अर्हता प्रदान संस्था

एखाद्या व्यवसायास आवश्यक असलेले ज्ञान व कौशल्य उमेदवाराने ठरलेल्या मानकानुसार संपादन केले आहे किंवा नाही, हे तपासून त्याला तसे प्रमाणपत्र देणारी अधिकृत संस्था. प्रशिक्षण देणे हे अशा संस्थेचे मुख्य कार्य नव्हे. अर्हतेचे स्वरूप निश्चित करणे, प्रशिक्षण केंद्रांना मान्यता देणे, मूल्यमापनाची व्यवस्था करणे व त्याच्या निकालाची जबाबदारी स्वतःच्या नावाने पत्करणे, ही तिची प्रमुख कार्ये होत.

प्रमाणपत्राचा खरा उपयोग त्रयस्थाला होतो. बाष्पित्राच्या कारखान्यात संधाता (वेल्डर) नेमणाऱ्या मालकाला उमेदवाराने पूर्वी केलेले सांधे कापून पाहता येत नाहीत. घरातील वीजजोडणी करून घेणाऱ्या गृहस्थाला तारतंत्र्याची परीक्षा घेता येत नाही. रुग्णाला परिचारकाचे ज्ञान अजमावता येत नाही. हे सर्वजण प्रमाणपत्रावर विसंबतात. ते निराधार ठरल्यास त्यांची हानी होतेच. परंतु ज्याने प्रामाणिकपणे शिकून तेच प्रमाणपत्र मिळविले, त्याच्या श्रमांचेही मोल नाहीसे होते. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवर कोणी व कशी देखरेख ठेवावी, हा व्यवसाय शिक्षणातील मूलभूत प्रश्न मानला जातो. या देखरेखीच्या समग्र व्यवस्थेस गुणवत्ता-आश्वासन असे म्हणतात.

इतिहास : मध्ययुगीन यूरोपात कारागिरांच्या श्रेणी (गिल्ड) शिकाऊ उमेदवारांची परीक्षा पाहून त्यांना व्यवसायात प्रवेश देत. पारखणारे स्वतः निष्णात असत, हा या पद्धतीचा गुण. तथापि नव्या कारागिरांची संख्या मर्यादित ठेवण्यात परीक्षकांचाच लाभ असे, हा तिचा दोष होता. परीक्षा घेणाऱ्याचा निकालात हितसंबंध असू नये, ही जाणीव पुढे हळूहळू दृढ होत गेली.

औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये सोसायटी ऑफ आर्ट्‌सने १८७३ मध्ये तांत्रिक विषयांच्या परीक्षा सुरू केल्या. लंडन शहर व तेथील काही व्यवसायश्रेणी यांनी मिळून १८७८ मध्ये सिटी अँड गिल्ड्‌स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षी या परीक्षा तिच्याकडे आल्या. शिकविणारी संस्था एक व परीक्षा घेणारी संस्था दुसरी, ही विभागणी येथे स्पष्टपणे दिसते. परंतु दुरून पाठविलेल्या प्रश्नपत्रिकेने हातातील कसब मोजता येत नाही, ही तिची मर्यादाही लवकरच लक्षात आली. त्याच काळात ब्रिटिश शासनाचे विज्ञान व कला खाते विद्यार्थ्यांच्या परीक्षाफलानुसार शिक्षकांना मोबदला देत असे. त्यामुळे विषय शिकविण्यापेक्षा परीक्षेपुरते शिकविण्याची प्रवृत्ती वाढली.

ब्रिटनमध्ये १९८६ साली राष्ट्रीय व्यवसाय-अर्हता परिषद स्थापन झाली. तिच्या योजनेत अभ्यासक्रमाच्या कालावधीपेक्षा प्रत्यक्ष कामातील क्षमतेवर भर होता. मूल्यमापन बव्हंशी कामाच्या जागीच होई व ते करणारी व्यक्ती पुष्कळदा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचीच असे. त्यातच १९९० नंतरच्या काळात प्रशिक्षण केंद्रांच्या अनुदानाचा काही भाग उत्तीर्ण उमेदवारांच्या संख्येवर अवलंबून ठेवण्यात आला. एकोणिसाव्या शतकातील जुनी अडचण अशा रीतीने नव्या रूपात पुन्हा उद्भवली.

मूल्यमापनाच्या कसोट्या : मूल्यमापन यथार्थ व विश्वसनीय असावे लागते. जे मोजावयाचे तेच मोजले जाणे म्हणजे यथार्थता. कोणीही व केव्हाही मोजले तरी निष्कर्ष सारखाच येणे म्हणजे विश्वसनीयता. तारतंत्र्याला अर्थिंगविषयी बहुपर्यायी प्रश्न विचारल्यास उत्तरपत्रिका कोणीही तपासली तरी गुण तेच पडतात. पण त्याला प्रत्यक्ष जोडणी करता येते किंवा नाही, हे त्यावरून कळत नाही. उलट, एका पर्यवेक्षकाने त्याचे काम पाहून दिलेला अभिप्राय यथार्थ असू शकतो. मात्र दुसरा पर्यवेक्षक तोच अभिप्राय देईल, याची शाश्वती नसते. या दोन्ही गुणांचा मेळ घालण्यासाठी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, तोंडी प्रश्न व कामाचे नमुने यांचा एकत्रित वापर केला जातो.

प्रमुख धोरणे : अर्हता प्रदान संस्थेने आपली धोरणे लेखी स्वरूपात प्रसिद्ध करावीत, अशी सर्वत्र अपेक्षा असते. त्यांपैकी महत्त्वाची पुढीलप्रमाणे :

(१) केंद्रमान्यता : केंद्रास मान्यता देण्यापूर्वी तेथील यंत्रसामग्री, सुरक्षाव्यवस्था, प्रशिक्षकांची पात्रता व नोंदी ठेवण्याची पद्धत यांची पाहणी केली जाते. मान्यता ठराविक व्यवसायांपुरती व मुदतीची असते. ती काढून घेण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवलेला असतो. मात्र केंद्र बंद पडल्यास तेथील विद्यार्थ्यांचे शिक्षण अन्यत्र पूर्ण करण्याची तरतूदही आधीच करावी लागते.

(२) पडताळणी : केंद्रातील मूल्यमापकाच्या निर्णयांची प्रथम केंद्रातीलच दुसरी जबाबदार व्यक्ती तपासणी करते. त्यानंतर प्रदान संस्थेचा बाह्य पडताळणीकार निवडक नमुने तपासतो. ही निवड सरसकट नसते. प्रत्येक मूल्यमापकाचे काही निर्णय, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या सीमेवरील प्रकरणे आणि नव्या मूल्यमापकाचे अधिक काम त्यांत येईल, अशी दक्षता घेतात. नमुन्यांत दोष आढळल्यास तपासणीची व्याप्ती वाढविली जाते व निर्णय होईपर्यंत प्रमाणपत्रे रोखून धरली जातात. जोडारी किंवा कातारी यांसारख्या व्यवसायांत एकच तयार वस्तू अनेक मूल्यमापकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेऊन त्यांच्या निर्णयांतील तफावत कमी करण्याची रीतही रूढ आहे.

(३) हितसंबंध : उमेदवाराचा नातेवाईक, मालक किंवा प्रशिक्षक यांनी अंतिम निर्णय देऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. जेथे ते टाळता येत नाही, तेथे संबंध जाहीर करून निर्णयाची बाहेरून फेरतपासणी करावी लागते.

(४) गैरप्रकार : तोतया उमेदवार, दुसऱ्याच्या कामाचा स्वतःच्या नावे वापर, हजेरीच्या खोट्या नोंदी इ. हेतुपुरस्सर गैरप्रकार व केवळ ढिसाळ कारभार यांत फरक केला जातो. पण प्रमाणपत्राच्या विश्वासार्हतेला दोहोंपासूनही धोका पोहोचतो. म्हणून चौकशी केंद्राच्या प्रभावाबाहेरील व्यक्तीकडे सोपविली जाते.

(५) समान संधी : अपंग उमेदवारासाठी लेखनिक, अधिक वेळ किंवा अनुकूल साधने देता येतात. परीक्षेची रीत बदलता येते. अर्हतेचे मानक मात्र बदलता येत नाही. औपचारिक शिक्षण न घेता अनुभवातून काम शिकलेल्यांचे पूर्वार्जित कौशल्य तपासून त्यांनाही त्याच मानकानुसार प्रमाणपत्र देण्याची सोय याच तत्त्वावर आधारलेली आहे.

(६) फेरविचार व तक्रारी : निकालाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग उमेदवाराला आरंभीच सांगावा लागतो. दाद ऐकणारी व्यक्ती मूळ निर्णयात सहभागी नसावी, असा दंडक असतो.

विविध देशांतील व्यवस्था : इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्यान्वये ऑफक्वाल हे स्वतंत्र नियामक कार्यालय २०१० पासून वैधानिक स्वरूपात काम करू लागले. प्रदान संस्था खाजगी असू शकतात, त्यांच्यात स्पर्धाही असते. परंतु त्यांना या कार्यालयाच्या अटी पाळाव्या लागतात. स्पर्धेचे दुष्परिणाम तेथे प्रत्ययास आले आहेत. शाळांच्या गुणवत्ता-तक्त्यांत व्यवसाय-अर्हतांना सढळ हाताने गुण मिळत असल्याने नोकरीत फारशा उपयोगी न पडणाऱ्या अर्हतांकडे मुलांना वळविले जात असल्याचे ॲलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालाने निदर्शनास आणले. त्यानंतर तक्त्यांत धरल्या जाणाऱ्या अशा अर्हतांची संख्या तीन हजारांहून अधिक होती, ती १२५ वर आणण्याचा निर्णय २०१२ मध्ये जाहीर झाला.

जर्मनीत शिकाऊ उमेदवार कारखान्यात व व्यवसायशाळेत शिकतो, परंतु त्याची अंतिम परीक्षा उद्योग व व्यापार मंडळे किंवा हस्तव्यवसाय मंडळे यांनी नेमलेली समिती घेते. व्यवसाय प्रशिक्षणाच्या १९६९ च्या व २००५ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार या समितीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात आणि किमान एक व्यवसायशाळेचा शिक्षक असतो. एका पक्षाचा कल दुसऱ्याने सावरावा, ही यामागील भूमिका होय.

ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत प्रशिक्षण संस्था स्वतःच शिकवितात, मूल्यमापन करतात व प्रमाणपत्रही देतात. त्यामुळे सारा भार राष्ट्रीय नियामकावर पडतो. हा नियामक २०११ मध्ये स्थापन झाला. पुरेसे प्रशिक्षण व मूल्यमापन न होताच प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळल्यावरून त्याने २०२४ पासून काही संस्थांची नोंदणी रद्द केली व त्यांनी दिलेली हजारो प्रमाणपत्रेही रद्द ठरविली. त्यांत वृद्धसेवा व बालसंगोपन यांसारख्या क्षेत्रांतील प्रमाणपत्रे होती. संस्थेच्या दोषाची किंमत अखेर प्रमाणपत्रधारकास मोजावी लागते, हे यावरून दिसून येते.

भारत : स्वातंत्र्योत्तर काळात १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे, तर मानके व प्रमाणन केंद्राकडे, अशी विभागणी शिवराव समितीच्या शिफारशींनंतर करण्यात आली आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील व्यवसाय प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली. एकसमान अभ्यासक्रम, संस्थांचे संलग्नीकरण व अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा यांमुळे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राला देशभर मान्यता लाभली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षणालाही असेच प्रमाणपत्र जोडले गेले. महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे.

विशिष्ट उद्योगांसाठी क्षेत्रीय कौशल्य परिषदा २००८ नंतर स्थापन होत गेल्या आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य-अर्हता आराखडा अधिसूचित झाला. अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांत मानके ठरविणे, केंद्रांना मान्यता देणे, मूल्यमापन करवून घेणे व प्रमाणपत्र देणे ही सर्व कार्ये या परिषदांकडे एकवटली. शारदा प्रसाद समितीने २०१६ च्या आपल्या अहवालात या व्यवस्थेतील हितसंबंधांच्या संघर्षावर टीका केली. ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद निर्माण करण्यात आली व ती १ ऑगस्ट २०२० पासून कार्यान्वित झाली. राष्ट्रीय कौशल्य विकास अभिकरण व जुनी व्यवसाय प्रशिक्षण परिषद यांची नियामक कार्ये तिच्याकडे आली. ती स्वतः परीक्षा घेत नाही. प्रदान संस्था व मूल्यमापन संस्था यांना मान्यता देणे, अर्हतांना मंजुरी देणे व तक्रारींची दखल घेणे ही तिची कार्ये आहेत. प्रशिक्षण केंद्रांचे नियमन ती प्रदान संस्थांमार्फत अप्रत्यक्षपणे करते. मात्र काही संस्थांना प्रदान व मूल्यमापन अशा दोन्ही कार्यांसाठी मान्यता देण्याची तरतूद तिच्या नियमांत असल्याने दोहोंच्या अंतर्गत विभक्ततेचा प्रश्न उरतोच.

समालोचन : प्रदान संस्थेचे उत्पन्न सामान्यतः केंद्रांनी भरलेल्या नोंदणी व परीक्षा शुल्कातून येते; ज्यांच्यावर नियंत्रण ठेवावयाचे, त्यांच्याच शुल्कावर तिचा निर्वाह चालतो. कडक संस्था केंद्रे गमावते व सैल संस्थेकडे ती आकृष्ट होतात. धोरणांच्या कागदपत्रांनी हा ताण नाहीसा होत नाही. पाहणी-अहवाल बिनचूक भरलेले असूनही प्रशिक्षण निकृष्ट असू शकते. उलट, नियमांचा बोजा अती झाल्यास लहान व चांगल्या केंद्रांनाही काम करणे अवघड होते. शिकविणारा, पारखणारा व प्रमाणपत्र देणारा यांची आर्थिक विभक्तता, पूर्वसूचनेशिवाय होणारी पाहणी, प्रमाणपत्रधारक व त्यांचे मालक यांच्याकडून काही काळानंतर घेतलेली माहिती आणि निष्कर्षांचे जाहीर प्रकाशन हे उपाय त्या दृष्टीने अधिक परिणामकारक ठरतात. प्रमाणपत्राची खरी कसोटी परीक्षागृहात लागत नाही. ती कामाच्या जागी लागते, आणि गुणवत्ता-आश्वासनाच्या प्रत्येक व्यवस्थेचे मोल अखेरीस त्याच कसोटीवर ठरते.