मालवणला जाताय? पाण्याखालीही बघा

श्रीगोंद्याची मंडळी मालवणला गेली की सिंधुदुर्ग बघतात, सुरमई थाळी हाणतात आणि परततात. (आपलं पाणी घोड-भीमेतून जातं पार बंगालच्या उपसागराला, त्यामुळे अरबी समुद्र तसा परकाच!) पण त्याच किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ पासून हा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य आहे.

प्रवाळ दिसतं दगडासारखं, असते बारीक जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं, यजमानालाही पोसतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरंफटक होतं आणि तसंच राहिलं तर उपासमारीने मरतं.

तेव्हा स्नॉर्कलिंग करताना दम लागला तरी प्रवाळावर पाय टेकू नका. होडीवाल्याला ‘दादा, नांगर वाळूत टाका’ म्हणायला लाजू नका. फोटोसाठी माशांना पाव टाकणं तर बंदच करा. आठवण म्हणून तुकडाही उचलू नका. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ वाघाच्या पंक्तीला बसलंय.

पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, डिसेंबर-जानेवारीत जा.