आधी डबा बघावा!

२०२३ सालच्या जूनमध्ये आमच्या मुलाची नोकरी गेली. कंपनीनं एका दुपारी काही माणसांना बोलावलं, कागदावर सह्या घेतल्या आणि दोन महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला. संध्याकाळी तो नेहमीच्याच लोकलनं डोंबिवलीला आला, चहा प्यायला आणि मग सांगितलं. घराचा हप्ता, नातवाची फी, सोसायटीचं देणं, यांतलं काहीच आपण मनात आणून कमी होणारं नव्हतं. आपल्या हातात असलेला खर्च एकच होता, स्वयंपाकघराचा.

रात्री सूनबाई जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, घरखर्च तुम्ही बघाल का? मला काही जमत नाहीये. वीस तारखेलाच पैसे संपतात."

खरं सांगते, त्या काळजीतही मला मनातून थोडं बरं वाटलं. माझी काटकसर आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारा अमेरिकेचा लाल मिलो आम्ही खाल्लेला आहे. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. आमची आईही मोर्च्याला गेली, आणि परत आल्यावर त्याच लाटण्यानं तिनं पोळ्या केल्या.

लग्नानंतर, १९७९ साली, मी डोंबिवलीला आले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ पुढे आमच्या इमारतीत झाला. प्रत्येक घरानं महिन्याची मागणी कागदावर भरून द्यायची, सगळ्यांचं सामान एकदम यायचं, एका घरी उतरायचं आणि आम्ही बायकांनी पदर खोचून ते वाटायचं. भावात फायदा व्हायचाच, पण त्याहून मोठा फायदा त्या कागदाचा होता. महिनाभरात घराला काय लागेल, याचा विचार आधी करावा लागे. पुढे आमच्या इमारतीतल्या बायका नोकऱ्यांना लागल्या, काही घरं बदलून गेल्या, संघ मोडला. कागदाची सवयही गेली, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या मी मोठ्या ऐटीत कारभार हाती घेतला आणि पहिल्याच महिन्यात सपशेल तोंडावर आपटले!

झालं असं की, मी एका मोठ्या दुकानात गेले. तिथे दोन किलो रव्यावर एक किलो मोफत होता. शेंगदाण्यांच्या मोठ्या पाकिटावर सूट होती. ‘आज घेतलं नाही तर उद्या महाग’ या आमच्या पिढीच्या धास्तीनं मी पिशव्या भरल्या. ऐन पावसाळ्याचे दिवस. जुलै संपायच्या आत रव्याला जाळी धरली, दाण्यांना खवट वास येऊ लागला. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली दुधी आणि कोथिंबीर फ्रीजच्या तळाशी सडली. महिन्याचा हिशेब केला तर आकडा आला १७,४०० रुपये. सूनबाई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, इतकी ती गप्प होती.

शेवटी मीच म्हटलं, "अगं, माझं चुकलं. आता दोघी मिळून बघू."

उलटी सुरुवात

पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातला एकूण एक डबा खाली काढला. जे निघालं ते सांगायची लाज वाटते. हिंगाच्या तीन डब्या, मोहरीची चार उघडी पाकिटं, दीड किलो पोहे, दोन किलो साबुदाणा, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात मीच ठेवून विसरलेली मुगाची डाळ. आमचे हे साबुदाण्याचा ढीग बघून म्हणाले, "घरात उपास कोणाकोणाचे आहेत?" नशिबानं त्या वर्षी अधिक श्रावण होता. साबुदाणा संपवायला दोन महिने मिळाले!

तोवर आम्ही दोघीही यादी दुकानाच्या अंगानं करत होतो. काय स्वस्त आहे, कुठे सूट आहे, ते पाहायचं आणि आणायचं. खरी यादी डब्याच्या अंगानं करायची असते. महिन्याला काय लागतं, त्यातलं उरलंय किती, आणि मग आणायचं किती. वजाबाकीच ती, पण ती दुकानात उभं राहून होत नाही. घरात, डब्याचं झाकण उघडूनच करावी लागते.

त्यासाठी आम्ही एक साधी गोष्ट केली. नवीन सामान डब्यात भरलं की झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहायची. तीन महिन्यांत घराचं माप कळलं. आम्हां पाच माणसांना तूरडाळ महिन्याला दोन किलो लागते. तेल पूर्वी चार लिटर लागत असे. मग आठवड्याचं तेल रविवारी वेगळ्या बरणीत काढून ठेवायला लागलो. बरणीतली पातळी डोळ्यांसमोर असली की हात आपोआप आखडतो. आता माणशी अर्ध्या लिटरप्रमाणे अडीच लिटरमध्ये भागतं आणि चवीबद्दल कोणाची तक्रार नाही.

किंमत नव्हे, दर

दुकानात गेल्यावर दुसरा धडा मिळाला. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा बऱ्याच जिनसांची पाकिटं ठरावीक वजनांचीच असावीत, असा नियम होता. २०२१ साली केंद्र सरकारनं नियमांत बदल करून ही सक्ती काढली आणि त्याऐवजी पाकिटावर एककाचा दर छापणं बंधनकारक केलं. म्हणजे किलोमागे किंवा ग्रॅममागे, लिटरमागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतात, तो आकडा. अगदी बारीक अक्षरांत असतो, पण असतो. चष्मा लावून तो वाचावा.

आमचंच उदाहरण घ्या. तेलाची एक पिशवी १३८ रुपयांना होती, शेजारची १५० रुपयांना. सूनबाईनं साहजिकच १३८ ची उचलली. मी मागची बाजू वाचली. ती पिशवी होती ८०० ग्रॅमची आणि दुसरी एक लिटरची. आता एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, सुमारे ९१० ग्रॅम भरतं. हिशेब केला तर ‘स्वस्त’ पिशवीचं तेल पडत होतं किलोला साडेबहात्तरावर शंभर आणि ‘महाग’ पिशवीचं १६५ च्या आसपास! तसंच छापील कमाल किमतीचं. ती कमाल असते, तेवढी द्यायलाच हवी असं नाही. त्याहून कमी दरात देणारा दुकानदार गल्लीतही सापडतो.

मोठं पाकीट नेहमी फायद्याचं, हाही भ्रमच. दर कमी पडला तरी महिन्याभरात न संपणारा रवा, बेसन, दाण्याचं कूट पावसाळ्यात घेऊ नये. फेकलेल्या एका किलोची किंमत वापरलेल्या दोन किलोंवर चढते, मग कसली आली सूट? चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, अशातली गत.

साठवण कशाची करावी?

वर्षाची बेगमी करण्याची आपली जुनी पद्धत मोडीत काढावी असं मात्र मी म्हणणार नाही. ती पद्धत शहाणपणाची आहे, कारण ती हंगामाशी बांधलेली आहे. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, मिरची त्याच सुमारास, नवी तूर पौष-माघात. उन्हाळी कांदा टिकाऊ असतो आणि एप्रिल-मेमध्ये मुबलक असतो. पावसाळ्यानंतर तोच कांदा डोळ्यांत पाणी आणतो. आमच्या आज्या उन्हात कडकडीत वाळवलेलं धान्य भरत, डाळीला एरंडेल चोळत, गव्हात कडुनिंबाचा पाला घालत. पण त्या घरांत माणसं दहा होती आणि ऊन पडायला गच्ची होती. दोन खोल्यांच्या घरात, पाच माणसांसाठी पोतं भरून तांदूळ आणणं म्हणजे पोरकिड्यांना आमंत्रण. आम्ही आता वर्षाची मिरची-हळद, तीन महिन्यांचा गहू आणि दहा किलो कांदा, एवढीच साठवण करतो. बाकी सगळं महिन्याचं.

काही भाववाढी अशा असतात की, त्यांच्यापुढे कोणाचीच साठवण टिकत नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, त्याच वर्षी इंडोनेशियानं काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली आणि डोंबिवलीतल्या आमच्या कढईखालचा गॅस आम्हांला बारीक करावा लागला! आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा वाटा बाहेरून येतो, तेव्हा हे होणारच. अशा वेळी चार डबे भरून ठेवण्यापेक्षा तळण कमी करणं हाच उपाय.

गळकं ठिकाण

तरीही आमचा सर्वांत मोठा खर्च यात नव्हताच. एक महिनाभर आम्ही सगळी खरेदी तीन रकान्यांत लिहिली. वाणसामान; दूध-भाजी-फळं; आणि तिसरा रकाना ‘मध्येच’. मध्येच म्हणजे पाव संपला, चीज हवं, पाहुणे आले, कंटाळा आला म्हणून फोनवरून मागवलं. हल्ली दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात येतं. मागवताना एक वस्तू हवी असते, आणि घरपोच आणण्याचे पैसे लागू नयेत म्हणून आणखी तीन घेतल्या जातात. या ‘मध्येच’चे झाले ४,३०० रुपये! सूनबाई त्या आकड्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं, हजार-बाराशे असतील.

त्यावर बंदी घातली नाही. नोकरी करणाऱ्या बाईला घाईच्या वेळी ती सोय लागते, हे मला आता कळतं. आम्ही फक्त फ्रीजवर एक कागद लावला. संपलेली किंवा हवीशी वाटलेली वस्तू आधी कागदावर लिहायची आणि एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी निम्म्या गोष्टींची गरज उरत नाही.

दुसरं केलं ते आठवड्याच्या भाज्यांचं. रोजच्या जेवणाचं वेळापत्रक वगैरे नव्हे, फक्त भाज्यांची रांग. पालक-मेथी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-गवार, मग फ्लॉवर-कोबी, दुधी-भोपळा शेवटी. आणि गुरुवार-शुक्रवारसाठी मटकी किंवा मूग मंगळवारीच भिजत घालायचे. घरात मोड आलेली मटकी तयार असली की, दमून आलेलं माणूस बाहेरून काही मागवत नाही. वीस मिनिटांत उसळ होते आणि सगळे नीट जेवतात.

एक पथ्य आम्ही पहिल्या दिवसापासून पाळलं. नातवाचं दूध, डाळी-कडधान्यं आणि फळं यांना हात लावायचा नाही. यांच्या सकाळच्या कॉफीलाही नाही. नोकरी गेलेल्या घरात माणसं आधीच खचलेली असतात. ताटात रोज कमतरता दिसू लागली तर ती आणखी खचतात. काटकसर ताटाबाहेर व्हायला हवी. डब्यात, फ्रीजमध्ये, कचऱ्याच्या बादलीत. मुलगा त्या दिवसांत कमी जेवायला लागला होता. एकदा मी त्याला वाढताना म्हटलं, "अरे, हिशेब आम्ही करतोय ना? तू पोटभर जेव." त्यानं मान खाली घालून आणखी एक पोळी घेतली. त्या पोळीचा हिशेब आम्ही कुठे लिहिला नाही.

ऑक्टोबरचा आमचा एकूण खर्च झाला १२,६०० रुपये. जुलैपेक्षा ४,८०० रुपये कमी, आणि बाजारात भाव काही उतरलेले नव्हते. तेवढ्यानं घराचा हप्ता फिटला नसता, हे खरंच. पण नातवाच्या शाळेच्या बसचे पैसे त्यातून गेले, आणि मुख्य म्हणजे वीस तारखेची धास्ती गेली. नोव्हेंबरात मुलाला दुसरी नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी आहे. घर मात्र व्यवस्थित चालतं.

कारभार मी सूनबाईला परत दिला आहे. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमतो. ती डबे काढते, मी पाटावर बसून लिहिते, आणि नातू डबा कानाशी हलवून नुसत्या आवाजावरून सांगतो, "आजी, शेंगदाणे अर्धे!" झाकण उघडून बघितलं तर बहुतेक वेळा बरोबर असतो.

आज रविवारच आहे. बाजाराची पिशवी हातात घेण्याआधी तुम्हीही एकदा डबे उघडून बघा. हिंगाच्या किती डब्या निघतात, ते मला ऐकायला आवडेल!