तंबाखू सुटते कशाने? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

तंबाखू खाणाऱ्या माणसाला घरचे, शेजारचे, कामावरचे सगळे एकच सांगतात, ‘सोडून दे ती.’ सांगणाऱ्याची कळकळ खरी असते. पण माणूस नेमका कशामुळे बदलतो याबद्दलच्या आपल्या समजुतीच चुकीच्या असल्या, तर ती कळकळ वाया जाते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के आणि महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. आपल्याकडे विडी-सिगारेटपेक्षा तोंडातली तंबाखू कितीतरी जास्त. कुठे चुना लावून मळलेली, कुठे खर्रा, कुठे मिश्री. म्हणून हा प्रश्न बहुतेक घरांच्या ओळखीचा आहे.

गैरसमज १ : धोका कळला की माणूस आपोआप सोडतो.

वस्तुस्थिती : धोका बहुतेकांना कळलेलाच आहे. धूरविरहित तंबाखूमुळे गंभीर आजार होतात, हे त्याच सर्वेक्षणात ९५.६ टक्के प्रौढांनी मान्य केले होते. एप्रिल २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. हे इशारे निरुपयोगी मुळीच नाहीत. ते पाहून तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या मनात सोडण्याचा विचार आला होता. पण विचार येणे आणि सुटणे यांत मोठे अंतर आहे. ‘यातून बाहेर कसे पडायचे आणि ते मला जमेल का’ याचे उत्तर सोबत मिळाले, तरच भीती कामी येते. ते मिळाले नाही, तर माणूस चित्रावरून नजर फिरवतो आणि ‘आमचे आजोबा नव्वद वर्षे खात होते’ म्हणत स्वतःची समजूत घालतो.

गैरसमज २ : चारचौघांत लाज काढली की डोळे उघडतात.

वस्तुस्थिती : बहुधा उलटेच होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये दारू पिणाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितके त्या व्यक्तीचे पिणे वर्षभरानंतर जास्त आढळले. कोणी आरोप केला की माणूस आपला बचाव करतो, आणि बचाव करता करता स्वतःलाच पटवतो की आपले चालले आहे ते ठीक आहे.

मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी विकसित केलेल्या समुपदेशन पद्धतीत एक साधा प्रश्न वापरतात. समजा, डॉक्टर विचारतात, “काका, तंबाखू सोडावी असं शून्य ते दहामध्ये किती वाटतं?” काका म्हणतात, “चार.” इथे बहुतेक जण ‘चारच का?’ म्हणून फैलावर घेतील. डॉक्टर मात्र विचारतात, “चार म्हणालात. मग एक किंवा दोन का नाही?” आता काकांना स्वतःच कारण शोधावे लागते. “नात जवळ येते आणि तोंडाला वास येतो म्हणून तोंड फिरवते. आणि अलीकडे तिखट लागलं की गालाच्या आतून फार झोंबतं.” ही कारणे त्यांच्या तोंडून आली, म्हणून ती त्यांची झाली. दुसऱ्याने शंभरदा सांगितलेल्या कारणांपेक्षा ती जास्त टिकतात. (गालात असे झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.)

गैरसमज ३ : मनाचा निर्धार पक्का असला की पुरे.

वस्तुस्थिती : निर्धार हवाच, पण समोर निकोटिन आहे. ते बंद झाले की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो आणि बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे आधी माहीत असले, तर माणूस त्या त्रासाला ‘मला जमत नाही’ असे नाव देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोणत्याही मदतीविना केलेल्या प्रयत्नांपैकी सुमारे ४ टक्केच यशस्वी होतात. समुपदेशन आणि औषधे मिळाली तर शक्यता दुपटीहून अधिक वाढते. भारतात १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. निकोटिनचे च्युइंगगम किंवा औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते.

निर्धारापेक्षा नेमकी योजना उपयोगी पडते. जेवण झाले, चहा झाला, एसटीची वाट पाहत उभे राहिले की हात आपसूक खिशातल्या पुडीकडे जातो. म्हणून ‘मी सोडणार’ एवढ्यावर थांबू नये. ‘जेवण झालं की लगेच चूळ भरून बडीशेप तोंडात टाकणार, आणि पुडी-डबी घरात ठेवणारच नाही’ असे ठरवावे. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढ्या मिनिटांची तयारी हवी.

गैरसमज ४ : २१ दिवस पाळले की सवय बदलते.

वस्तुस्थिती : हा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी नवी सवय अंगवळणी पडण्याचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले.

गैरसमज ५ : पुन्हा खाल्ली, म्हणजे सगळे संपले.

वस्तुस्थिती : कायमचे सुटण्याआधी बहुतेकांचे अनेक प्रयत्न फसतात. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८०च्या दशकात बदलाचे टप्पे मांडले, तेव्हा घसरणेही त्या प्रवासात गृहीत धरले. लग्नाच्या पंगतीनंतर मित्राने पुढे केलेल्या चिमटीने घात केला असेल, तर पुढच्या लग्नात काय करायचे ते आता ठरवता येते.

गैरसमज ६ : आता या वयात सोडून काय उपयोग?

वस्तुस्थिती : रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१पासून ५० वर्षे मागोवा घेतला. सिगारेट साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचेही आयुष्य सुमारे ३ वर्षांनी, पन्नाशीत सोडणाऱ्यांचे ६ वर्षांनी आणि चाळिशीत सोडणाऱ्यांचे ९ वर्षांनी वाढलेले दिसले.

घरच्यांनी काय करावे?

आपल्या माणसाला बदलायला भाग पाडणे आपल्या हातात नाही. त्याचे स्वतःचे कारण त्याला सापडेपर्यंत विचारत राहणे आणि सापडल्यावर वाट सोपी करणे मात्र आपल्या हातात आहे. ‘कधी सोडणार?’ हा प्रश्न बंद करा. ‘सोडावीशी वाटते ती कशासाठी?’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मग हेल्पलाइनला फोन लावताना, डॉक्टरांकडे जाताना त्याच्या शेजारी असा. पुन्हा घसरला, तरी त्याच आपुलकीने विचारा की आता पुढच्या वेळी काय करू या.