झेडपी, अनुदानित की इंग्लिश स्कूल? तुमच्या गावातल्या शाळेचा पैसा नेमका येतो कुठून?

समजा, वेरूळमधल्या एका घरात तीन मुलं आहेत. धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. मधला आरटीईच्या २५ टक्के कोट्यातून एका इंग्लिश स्कूलमध्ये जातो. थोरला एका शिक्षणसंस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये दहावीला आहे. व्हॅनचं भाडं, वह्या आणि क्लासचा खर्च सोडला तर आईबाप या तिघांसाठी शाळेला फार मोठी रक्कम देत नाहीत.

मग शाळा चालते कशी? तिघांच्याही शिक्षणात सरकारचा पैसा आहे, पण तो तीन वेगळ्या वाटांनी येतो. पट कमी झाला की मास्तर का जातात, काही शिक्षक आझाद मैदानावर का बसतात आणि इंग्लिश स्कूलवाले आरटीईच्या नावाने का कुरकुरतात, हे सगळं या वाटांवरूनच समजतं.

झेडपीची शाळा: पगार मुंबईहून, खडू पंचायत समितीतून

१ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातलं प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेलं. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट दिसते. इथे जिल्हा परिषदेची हायस्कूलंही बरीच आहेत. पश्चिम महाराष्ट्रात पाचवीनंतरचं शिक्षण बहुतांशी खासगी संस्थांनी उभं केलं. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या.

शाळा जिल्हा परिषदेची असली तरी शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीतून पगाराची बिलं तयार होतात. झेडपीच्या शाळेवरचा सर्वात मोठा खर्च हाच असतो. नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षक मात्र पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' असतो. २०२३ पासून त्याचं मानधन महिना १६ हजार रुपये आहे, त्याआधी ते ६ हजार होतं.

पगार सोडून बाकीचे पैसे 'समग्र शिक्षा' योजनेतून येतात. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. वीजबिल, रंगरंगोटी, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती यासाठी शाळेला वर्षाला एक 'संयुक्त शाळा अनुदान' मिळतं आणि ते पटावर ठरतं. योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत मुलं असली तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असली तर २५ हजार, १०१ ते २५० असली तर ५० हजार.

आता जरा गणित करा. ९० मुलांच्या शाळेला २५ हजार म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या पैशात वीजबिल भरायचं, इंटरनेट चालवायचं, नळ दुरुस्त करायचा आणि कागदाची रिमंही आणायची. गावोगावच्या मुख्याध्यापकांना 'लोकसहभाग' हा शब्द इतका जवळचा का वाटतो, ते यावरून लक्षात यावं. डिजिटल वर्गाचा टीव्ही ग्रामस्थांनी दिला आणि वीज मात्र बिलापायी तोडली, असे प्रकार राज्यात नवीन नाहीत.

नवी वर्गखोली बांधायची तर जिल्हा नियोजन समितीकडे बघावं लागतं. ग्रामपंचायतही वित्त आयोगाच्या निधीतून शाळेवर खर्च करू शकते. पुस्तकं बालभारतीची, मोफत. गणवेशाच्या दोन जोडांसाठी ६०० रुपये. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो, पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम.

पट घटला की शाळेचं काय जातं?

अमेरिकेत यावर गेली तीस-पस्तीस वर्षं वाद सुरू आहे. तिथली नेहमीची सरकारी शाळा स्थानिक मालमत्ता कर, राज्य सरकार आणि थोडाफार केंद्र सरकार यांच्या पैशावर चालते. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने 'चार्टर स्कूल'चा कायदा केला. चार्टर म्हणजे करार. शाळा सरकारी पैशावरच चालते, फी घेत नाही, पण ती एखादी स्वतंत्र संस्था करारावर चालवते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. पैसे मुलामागे ठरतात, त्यामुळे मूल नेहमीची शाळा सोडून चार्टरमध्ये गेलं की त्याच्या वाट्याचा निधी बऱ्याच अंशी त्याच्यासोबत जातो. जुन्या शाळेचं छप्पर, बस आणि शिक्षक यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. भांडण मुख्यतः यावरच आहे. चार्टरवाल्यांची तक्रार उलटी आहे. स्थानिक करातला वाटा आणि इमारतीचा पैसा आपल्याला बरोबरीने मिळत नाही, असं ते म्हणतात.

आपल्याकडे मुलासोबत पैसा जात नाही. जातं ते पद. दरवर्षी 'संच मान्यता' होते, म्हणजे पटावरून शिक्षकांची मंजूर पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे साधारण ३० मुलांमागे एक. गावातली दहा मुलं पिवळ्या व्हॅनमध्ये बसली तर शाळेच्या खात्यातून लगेच रुपयाही कमी होत नाही. पण पट ६५ वरून ५५ वर आला तर तिसरं पद धोक्यात येतं. शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. मग दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, ते बघून आणखी पालक मुलांना काढतात आणि पुढच्या वर्षी पट आणखी खाली येतो.

माझ्या मते झेडपीच्या शाळांवरच्या चर्चेत हीच गोष्ट सर्वात कमी बोलली जाते. 'मास्तर शिकवत नाहीत' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. शाळेत मास्तर किती आणि वर्ग किती, हे विचारणारे थोडे.

'अनुदानित' म्हणजे कोणाची शाळा?

आता थोरल्याकडे वळू. शाळा संस्थेची, इमारत संस्थेची आणि शिक्षक संस्थेचे कर्मचारी, पण पगार सरकारचा. ही पद्धत इंग्रजांच्या काळातली आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यात खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची शिफारस होती, तेव्हापासून तिचा पाया आहे. संस्थेने जागा आणि इमारत उभी करायची आणि सरकारने पगाराचा भार उचलायचा, हा सौदा महाराष्ट्रात चांगलाच रुजला. पगाराव्यतिरिक्त 'वेतनेतर अनुदान' असतं, पण ते पगाराच्या मानाने फारच थोडं.

एका अर्थाने आपली अनुदानित शाळा चार्टर स्कूलच्या सर्वात जवळची आहे. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. फरक असा की चार्टर शाळेचा करार मुदतीचा असतो आणि निकाल बरे नसतील तर तो रद्द होऊ शकतो. अनुदानाचं तसं नसतं. शाळा एकदा अनुदानावर आली की मुख्य कसोटी पटाची. शिक्षकांची नोकरी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने सुरक्षित केली आहे, आणि ते योग्यच आहे. अडचण नेमणुकीची होती. पगार सरकार देणार आणि माणूस संस्था निवडणार, म्हटल्यावर 'किती लाख द्यावे लागले?' हा प्रश्न आला. त्यावर उपाय म्हणून भरती 'पवित्र' पोर्टलमार्फत सुरू झाली. तरीही २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली.

२०, ४०, ६० टक्के: अर्ध्या पगाराची नोकरी

सर्वात गुंतागुंतीचा प्रकार हा आहे. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी थेट संबंधही आहे.

अनुदानाचा बोजा वाढतोय म्हणून सरकारने २००१ मध्ये ठरवलं की नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच परवानगी द्यायची. संस्थांनी शाळा काढल्या. आज ना उद्या अनुदान मिळेल, या आशेवर हजारो तरुण तिथे लागले. काहींना अगदीच तुटपुंजा पगार होता, काहींना काहीच नव्हता. २००९ मध्ये सरकारने 'कायम' हा शब्द काढून टाकला. मग मूल्यांकन आलं, पात्र शाळांच्या याद्या आल्या, आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला.

२० टक्के म्हणजे शिक्षकाला नियमाने जो पगार मिळायला हवा त्याचा पाचवा हिस्सा सरकार देणार. बाकीचा संस्थेने द्यायचा. मराठी माध्यमाच्या, ग्रामीण भागातल्या, जवळपास फी न घेणाऱ्या शाळेची संस्था तो कुठून देणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादेत राज्य मंत्रिमंडळाची बैठक होती. त्या दिवशी विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी लाठीमार केला.

पुढे टप्पे वाढत गेले. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने शाळा २०, ४० आणि ६० टक्क्यांवर आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, आणखी एक टप्पा देण्याचा निर्णय निघाला. पण निधीची तरतूद झाली नाही. जुलै २०२५ मध्ये हे शिक्षक भर पावसात पुन्हा आझाद मैदानावर बसले, तेव्हा कुठे हालचाल झाली. विशीत नोकरीला लागलेला शिक्षक चाळिशीत अजून टप्पेच मोजतोय.

इंग्लिश स्कूल आणि आरटीईचे १७ हजार ६७० रुपये

मधला मुलगा ज्या शाळेत जातो ती 'स्वयंअर्थसहाय्यित' आहे. २०१२ च्या कायद्यानुसार अशा शाळांना सरकारकडून अनुदान मिळत नाही, त्या फीवर चालतात. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटातल्या मुलांना द्याव्या लागतात. त्यांची फी सरकार शाळेला परत करतं.

आपल्या शालेय व्यवस्थेत मुलासोबत पैसा जातो तो जवळजवळ इथेच. शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारने ठरवलेला दर, यातली कमी रक्कम मिळते. हा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये होता, कोरोनाच्या दोन वर्षांत तो ८ हजारांवर आणला गेला. हे पैसे वर्षानुवर्षं थकतात, अशी संस्थाचालकांच्या संघटनांची कायमची तक्रार आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला. तो टिकला असता तर गावातल्या शाळेशेजारच्या बहुतेक इंग्लिश स्कूल या जबाबदारीतून सुटल्या असत्या.

पालकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. आरटीईचा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतो. नववीपासून त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते.

मग खरी 'चार्टर' आपल्याकडे आहे का?

शहरांत थोडीफार आहे. मुंबई, पुण्यासह काही महापालिकांच्या शाळा 'आकांक्षा फाउंडेशन'सारख्या संस्था चालवतात. इमारत पालिकेची, शिक्षक संस्थेचे, आणि त्यांच्या पगारासाठी देणग्या. २०२३ मध्ये सरकारने 'दत्तक शाळा' योजनाही आणली. कंपनी किंवा दात्याने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची आणि रोख नव्हे तर वस्तू व सेवा द्यायच्या. ग्रामीण शाळेला पाच वर्षांत ५० लाखांची मदत केली तर दात्याचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. वेरूळसारख्या जगभर माहीत असलेल्या गावाकडे दाते वळू शकतील. डोंगरापलीकडच्या वस्तीशाळेकडे कोण वळणार?

तुम्ही काय विचारू शकता?

झेडपी आणि अनुदानित शाळेत 'शाळा व्यवस्थापन समिती' असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिचं काम आहे. म्हणून बैठकीत तीन गोष्टी विचारा. यंदा संयुक्त अनुदान किती मंजूर झालं, त्यातलं किती आणि कधी मिळालं, आणि संच मान्यतेत किती पदं मंजूर असून किती भरलेली आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी आला, असं उत्तर मिळालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ३१ मार्चला खर्चाची मर्यादा संपते, म्हणून अशा वेळी जे मिळेल ते घाईने घेतलं जातं.

शाळेचा पट, शिक्षक आणि वर्गखोल्या यांची माहिती यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेच्या ११ अंकी कोडने सापडते. बैठकीत उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. झेडपी शाळेसाठी तो पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे द्यायचा. अनुदानित शाळाही या कायद्याच्या कक्षेत येतात. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.