परदेशांत बंद पडलेल्या वाहनाचा विधियुक्त त्याग

पूर्वीं आमच्या वर्धा जिल्ह्यांतून काशीयात्रेस निघणारा गृहस्थ घरची सर्व निरवानिरव करून मगच उंबरठा ओलांडीत असे. हल्लींचे तरुण मोटारसायकलीवर बसून नेपाळ, इराण, फार काय, इंग्लंडपर्यंत मजल मारतात. त्यांच्या साहसाचें आम्हांस कौतुकच वाटतें. परंतु वाटेंत गाडी कायमची बंद पडली तर तिचें काय करावयाचें, ह्याचा विचार फारच थोड्या घरीं झालेला असतो.

कोणी म्हणेल, मिळेल त्या किमतीस ती भंगारवाल्यास द्यावी आणि विमानानें परत यावें. हें परदेशीं चालत नाहीं. ती गाडी त्या देशांत जकात न भरतां, केवळ परत नेण्याच्या अटीवर शिरलेली असते. अट मोडली कीं जकात देय होते, व कित्येक देशांत ती गाडीच्या मूळ किमतीहूनही अधिक भरते.

इराण, पाकिस्तान, इजिप्त इत्यादि देशांत ह्यासाठीं ‘कार्ने द पासाज’ नांवाची पुस्तिका लागते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था ती देते. पुस्तिकेची मुदत १ वर्षाची असून तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग प्रवेशाच्या वेळीं व दुसरा निर्गमाच्या वेळीं जकातदार काढून घेतो. तिसरा दोन्ही शिक्क्यांसह प्रवाशापाशीं राहतो. निर्गमाचा शिक्का नसेल तर जकातखातें संस्थेकडे पैसे मागतें, आणि संस्था ते प्रवाशाच्या अनामतींतून अथवा बँकेच्या हमींतून वसूल करते. याज्ञवल्क्यस्मृतींत जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : हजर करण्याचा, विश्वासाचा आणि द्रव्य देण्याचा. येथें पहिला जामीन चुकला कीं तिसरा उभा राहतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. ही हमी बहुधा वडिलांच्या ठेवीवर दिलेली असते, हें मुलांनीं विसरूं नये.

मग सुटकेचा मार्ग कोणता? सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे गाडी मालमोटारींत घालून सरहद्दीबाहेर आणणें व शिक्का घेणें. तें अशक्य असल्यास काय, ह्याचें दिग्दर्शन १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या खाजगी वाहनांविषयींच्या करारांत आहे. अपघातानें अतिशय मोडलेली गाडी, अपघात रीतसर सिद्ध झाल्यास, परत नेण्याचें बंधन नाहीं. मात्र तिची जकात भरावी, किंवा ती सरकारास कांहीं खर्च न लावतां त्याच्या स्वाधीन करावी, किंवा सरकारी देखरेखीखालीं स्वखर्चानें तिचा नाश करवावा. ही सवलत अपघाताची आहे, नुसत्या यंत्रबिघाडाची नव्हे. म्हणून इंजिन निकामी झालें असतां आधीं जकातकचेरींत जाऊन लेखी परवानगी मागावी, आणि जें ठरेल त्याचा शिक्क्यानिशीं दाखला घेतल्यावांचून तो देश सोडूं नये.

चोरीनेंही हिशेब आपोआप मिटत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत मुंबईहून निघालेल्या एका तरुणाची मोटारसायकल इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें चोरीस गेली. असा प्रसंग आल्यास पोलिसांतील नोंदीची प्रत जकातखात्यास व पुस्तिका देणाऱ्या संस्थेस तात्काळ पाठवावी.

आपल्या भागांतील मंडळी नागपूर, जबलपूर, गोरखपूर करीत सोनौलीवरून नेपाळांत जातात. तेथें भारतीय गाडीस कार्ने लागत नाहीं. ‘भन्सार’ म्हणजे जकातकचेरींत दिवसांच्या हिशेबानें पैसे भरून परवाना मिळतो. पण गाडी तेथें विकतां येत नाहीं. बिघाड झाल्यास मुदत संपण्यापूर्वींच त्या कचेरीस कळवावें व गाडी लादून स्वदेशीं आणावी.

शेवटीं घरचें एक काम उरतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें गाडी नष्ट झाल्यास किंवा कायमची निरुपयोगी ठरल्यास मालकानें १४ दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, आपल्या रहिवासाच्या नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपत्र परत करावयाचें असतें. वर्ध्याच्या रहिवाशानें ही वर्दी वर्ध्याच्या परिवहन कचेरींत द्यावी. नाहीं तर गाडी परदेशीं भंगारांत गेलेली, पण कागदोपत्रीं मालकाच्या नांवें चालतच राहते.

पूजेंत ज्याचें आवाहन केलें त्याचें विसर्जनही विधीनेंच करावें लागतें. परक्या देशांत नेलेल्या वाहनासही हाच न्याय लागू आहे. निघण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं मुलास हें एकदां समजावून सांगावें आणि पुस्तिकेच्या प्रत्येक पानाची नक्कल आपल्यापाशीं ठेवून घ्यावी.