फझल अत्राचली आपला कोण?

३१ ऑक्टोबर २०२५ च्या शुक्रवारी रात्री दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचं बारावं पर्व संपलं. महाराष्ट्राला हळहळ वाटली, ती वाटायलाच हवी. अवघ्या तीन गुणांनी चषक हातचा गेला. सामन्याचं वर्णन आणि गुणफलक एव्हाना सगळ्यांनी वाचला असेल. मला त्यातल्या एकाच माणसाबद्दल लिहायचं आहे. घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामना जिंकण्याचा मान या स्पर्धेत आतापर्यंत दोनच संघांना मिळाला. दिल्लीचा हा संघ दुसरा. पहिला होता यू मुंबा, २३ ऑगस्ट २०१५ रोजी, बंगळुरू बुल्सविरुद्ध ३६-३०, आपल्या वरळीच्या डोम स्टेडियममध्ये. या दोन्ही विजेत्या संघांच्या यादीत एक नाव सारखं आहे: इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली.

तेवीस वर्षांचा होता तेव्हा. दिल्लीच्या या विजयावेळी तेहेतीसचा. या दहा वर्षांत तो मुंबई, पाटणा, गुजरात, पुणे, बंगाल आणि दिल्ली अशा सहा संघांकडून खेळला. मुंबई आणि गुजरातकडे तर सोडून गेल्यावर पुन्हा परतला. २०१६ साली पाटण्याबरोबर विजेतेपद. २०१७ मध्ये गुजरातबरोबर अंतिम फेरी. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यावर एक कोटी रुपयांची बोली लावली आणि कबड्डीच्या इतिहासात लिलावात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू एक परदेशी ठरला. हा आकडा केवढा, हे कळायचं तर २०१४ साल आठवावं लागेल. त्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेल्या राकेश कुमारला पाटण्याने १२ लाख ८० हजारांना घेतलं होतं, आणि तेवढ्यावरही जुनी मंडळी तोंडात बोटं घालत होती.

आमच्या वरळी कोळीवाड्यात फझलविषयी बोलणं निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, पैसे दिले की कुठेही जाणारा माणूस, त्याचं काय कौतुक. दुसरा तट त्याला अजून ‘सुलतान’च म्हणतो. मी उघडपणे दुसऱ्या तटात आहे. आणि पहिल्या तटाला मला एवढंच विचारावंसं वाटतं की आपल्या बंदरावरच्या होड्यांवर खलाशी कुठून येतात? नारळी पौर्णिमा झाली की बाहेरगावचे खलाशी येतात, तांडेलाच्या हाताखाली हंगाम काढतात, जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत गावी जातात, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या मालकाच्या होडीवर दिसले तरी त्यांना कोणी बेईमान म्हणत नाही. जाळं ओढताना त्याने जीव लावला की नाही, एवढंच पाहिलं जातं. लीगमध्ये खेळायला आलेल्या परदेशी खेळाडूलाही मी तीच फूटपट्टी लावतो.

आणि फझलने जीव लावला. त्याची पकड नीट पाहिली तर हे कळतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. टीव्हीवर कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो. कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसतो तो पकड झाल्यावर. पण कबड्डीचं खरं नाट्य त्याच्या आधीच्या दोन सेकंदांत घडतं. चढाईपटू बोनसकडे पाय टाकतो, एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि दुसरा हवेत. त्या क्षणी डाव्या कोपऱ्यातल्या माणसाला ठरवायचं असतं: घोटा धरायचा, की थांबायचं. घाई झाली तर समोरच्याला फुकटचा गुण. उशीर झाला तर तो मध्यरेषेकडे वळलेला. बरेच कोपरारक्षक हे ठरवताना चढाईपटूच्या डोळ्यांकडे किंवा हातांकडे बघतात आणि फसतात, कारण चांगला चढाईपटू डोळ्यांनी आणि हातांनीच हूल देतो. फझलची नजर कमरेखाली असते. लहानपणी तो कुस्ती खेळला. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो, हे कुस्तीगीराला कोणी शिकवावं लागत नाही. घोटा हातात आला की पुढचं काम खांद्याचं. तो समोरच्याला खेचत बसत नाही. पाय वर उचलतो, म्हणजे समोरच्याचा जमिनीवरचा आधारच सुटतो. मग मध्यरक्षकाने येऊन धडक दिली की झालं.

इराणी खेळाडू कबड्डीत इतके पटकन का रुजले याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. कुस्ती हा त्यांच्याकडे गल्लोगल्लीचा खेळ. तिथला पारंपरिक ‘झू’ हा दम धरून खेळायचा खेळही आपल्या हुतूतूच्या घराण्यातलाच. म्हणजे श्वास आणि पकड ही दोन्ही अंगं त्यांच्याकडे आधीपासून होती. मॅटवरचे डावपेच, साखळी आणि सातजणांचं एकमेकांशी न बोलता चालणारं संधान मात्र त्यांनी भारतात शिकून घेतलं. नवव्या पर्वात फझलने मनजीत छिल्लरला मागे टाकलं आणि तो पकडीच्या गुणांत सर्वांच्या पुढे गेला. पुढे पाचशे गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला बचावपटूही तोच. भारतीय खेळाडूंनी भरलेल्या, भारतात खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेतला हा विक्रम एका परदेश्याच्या नावावर आहे, हे मला अभिमानाचं वाटतं. ज्यांना ते झोंबतं त्यांची बाजूही मी ऐकली आहे.

ती बाजू अशी: आपणच त्यांना शिकवलं आणि ते आपल्यालाच हरवू लागले. याला आधार आहे. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धेतली पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. मग २०१८ चं जकार्ता. आधी गटात दक्षिण कोरियाने २४-२३ असं हरवलं. त्या संघात होता बंगाल वॉरियर्सकडून पहिल्या पर्वापासून खेळलेला जांग कुन ली. मग उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं हरवलं, आणि इराणच्या बचावात फझल. आपल्या चढाईपटूंच्या सवयी त्याला पाठ होत्या, कारण त्यातल्या अनेकांबरोबर किंवा अनेकांविरुद्ध तो पर्वामागून पर्व खेळत आला होता. इराणने अंतिम फेरीत कोरियाला २६-१६ असं हरवून सुवर्ण जिंकलं. भारताच्या वाट्याला कांस्य आलं.

त्या वेळी वृत्तपत्रांतून ‘परदेशी खेळाडूंना लीगमध्ये घेणं थांबवा’ असा सूर लागला होता. मला तो तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. जो खेळ एकच देश जिंकतो त्याला जगाचा खेळ म्हणत नाहीत. बुवा साळवींनी उभं आयुष्य घालवलं ते कबड्डी आशियाई स्पर्धेत पोचवण्यासाठी. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. आशियाई स्पर्धेत पोचवायचं म्हणजे दुसऱ्या देशांना हा खेळ द्यायचा, आणि दिला की कधीतरी तो आपल्याविरुद्ध खेळला जाणार. पाच वर्षांनी हांगझोऊला भारताने अंतिम फेरीत फझलच्याच नेतृत्वाखालच्या इराणला ३३-२९ असं हरवलं. नियमावरून वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. पण आशियाई सुवर्णासाठी इतकी चुरस कबड्डीने याआधी कधी पाहिली होती?

आणि रस्ता एकतर्फी नाही. जकार्तालाच, पुरुषांच्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुली घडवलेल्या या बाईंना इराणने बोलावलं आणि त्या गेल्या. भाषा वेगळी, जेवण वेगळं, त्यात त्या शाकाहारी. मुली डोकं झाकून खेळणाऱ्या. जैन बाईंनी त्यांना योग आणि प्राणायाम शिकवला, आणि गरजेपुरती फारसी स्वतः शिकून घेतली. कबड्डीत दम टिकवणं म्हणजे निम्मा खेळ, आणि दमाचं काम प्राणायामाइतकं दुसरं काही करत नाही, हे त्यांनी ज्या विश्वासाने परक्या देशात रुजवलं त्याला तोड नाही.

मराठी माणूस परदेशी संघासाठी काम करतो याला आपण कर्तृत्व म्हणतो. जैन बाई सुवर्ण घेऊन परतल्या तेव्हा नाशिकला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. मग इराणी माणूस मुंबईसाठी घाम गाळतो तेव्हा तो ‘भाडोत्री’ कसा? दोघांनीही एकच गोष्ट केली आहे: आपली विद्या जिथे मोल होतं तिथे नेली. माझ्या मते गेल्या दशकातल्या कबड्डीच्या इतिहासात फझल आणि शैलजा जैन ही नावं एकाच पानावर छापायला हवीत.

बाकी खेळांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. बास्केटबॉलचं बघा. अमेरिकेच्या एनबीएत तीस संघ आणि प्रत्येकात पंधरा नियमित करारांच्या जागा, म्हणजे साडेचारशे माणसं. कॉलेजात नाव कमावलेले बाकीचे खेळाडू तुर्कस्तान, इस्रायल, स्पेन, चीन, फिलिपिन्स अशा लीगमध्ये पसरतात. तिथेही परदेशी किती घ्यायचे यावर बंधनं असतात, जशी प्रो कबड्डीत प्रत्येक संघावर आहेत. करार हंगामापुरते, घर दुसऱ्याचं. स्टेफन मारबरी हा एनबीएतला मोठा खेळाडू कारकीर्द ओसरताना २०१० मध्ये चीनला गेला. पुढे बीजिंग डक्सला त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली, आणि बीजिंगकरांनी त्याचा पुतळा उभारला. ब्रुकलिनच्या मुलाचा पुतळा बीजिंगमध्ये!

एनबीए स्वतः आपल्या दारातही येऊन गेली. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या याच डोममध्ये खेळले. पहिला सामना जादा वेळेत गेला, १३२-१३१ असा पेसर्सनी जिंकला, आणि बघायला होती मुख्यतः मुंबईतली शाळकरी मुलं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे याच शहरात जन्मलेले. त्या दोन दिवसांचा गाजावाजा आठवतो. त्यामानाने कबड्डीसाठी या डोमने जे केलं त्याची दखल फार थोडी. प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना, २६ जुलै २०१४, यू मुंबा विरुद्ध जयपूर, इथलाच. २०१४, २०१५, जानेवारी २०१९ आणि डिसेंबर २०२२ असे चार अंतिम सामने इथे झाले. २०२२ च्या त्या सामन्यात फझल पुण्याचा कर्णधार होता आणि ३३-२९ असा हरला. म्हणजे २०२५ मध्ये ज्या पुण्याला त्याच्या संघाने हरवलं, त्याच पुण्यासाठी तो त्याआधी तीन वर्षं वरळीत झुंजला होता.

फझलच्या वाटेने आता दुसरा इराणी आला आहे, मोहम्मदरेझा शाडलुई. तोही डावा कोपरारक्षक. २०२३ च्या लिलावात पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि त्या पर्वात पुणे विजेतं झालं. पुढच्या वर्षी तो हरियाणाला गेला आणि हरियाणा विजेता झाला. इराणी पोरांना आता कळलं आहे की डावा कोपरा ही नोकरी आहे.

नोकरीचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण तो आपल्या मुलांशी संबंधित आहे. लालबाग-परळ-दादर-वरळीतल्या कबड्डीपटूचं स्वप्न पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं: मंडळाकडून चमकायचं आणि खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वे, बँक, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम किंवा महिंद्रमध्ये लागायचं. गिरण्या गेल्यावर तर हा एकच जिना उरला. त्या जिन्याने हजारो घरं सावरली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण कंपन्यांची भरती आटली तेव्हापासून आपल्या मुलाला ना धड नोकरी, ना फझलसारखी केवळ खेळावर जगण्याची तयारी. त्याच्या आहाराकडे, गुडघ्याच्या दुखापतीकडे आणि करारातल्या अटींकडे बघणारं मंडळात कोणी नाही. फझल तेहेतिसाव्या वर्षीही मॅटवर होता आणि आपली मुलं सत्ताविशीत गुडघा बांधून घरी बसतात. हे परदेश्यांमुळे झालेलं नाही. याउलट, डावा कोपरा कसा सांभाळायचा हे शिकवायला फझलला आठवडाभर मुंबईतल्या मंडळांत फिरवलं, तर त्याने नाही म्हणू नये असं मला वाटतं.

आणखी एक मागणी आहे, यू मुंबाकडे. बाराव्या पर्वाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीला झाले; मुंबईत एकही नाही. वरळीच्या डोमने प्रो कबड्डी शेवटची पाहिली ती जानेवारी २०२४ मध्ये. जिथे ही स्पर्धा जन्मली तिथल्या पोरांना ती आता फक्त मोबाइलवर दिसते. तेराव्या पर्वात मुंबईचा टप्पा परत आणा. अमेरिकेत बास्केटबॉल संघ आपल्या मोठ्या खेळाडूची जर्सी स्टेडियमच्या छताला टांगतात आणि तो क्रमांक पुन्हा कोणाला देत नाहीत. डोममध्ये अशा दोन जर्सी लावा, एक २०१५ चा कर्णधार अनुप कुमारची आणि एक फझलची. फझल तोवर खेळत असेल तर उत्तमच. समारंभाला तो प्रतिस्पर्ध्याच्या संघातून आला तरी वरळी त्याला उठून टाळ्या देईल.