कोल्हापुरातील एक दिवस : चित्रे, मूर्ती आणि गुळाची चव

आमच्या खडेबाजारातील एक कुटुंब काही वर्षांपूर्वी युरोपचा प्रवास करून आले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मोनालिसेपुढील गर्दी, तेथील चॉकलेटे, आणि प्रत्येक पदार्थात अंडे आहे काय, हे विचारता विचारता झालेली दमछाक, या साऱ्यांचे वर्णन त्यांनी मोठ्या रसाने केले. ते ऐकत असता आमच्या मनात एक खजील करणारा विचार आला. ज्या कोल्हापुरास आम्ही व्यापारानिमित्त वर्षातून दहा वेळा जातो, तेथील संग्रहालयाची पायरी आमच्यापैकी किती जण चढले आहेत? आम्ही स्वतः तर चढलो नव्हतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात चार कुटुंबे मिळून आम्ही केवळ पाहण्यासाठी व चाखण्यासाठी कोल्हापुरास गेलो. बेळगावपासून अंतर सुमारे ११० किलोमीटर. निपाणीकरांना तर ते याच्या निम्म्याहूनही कमी.

शुक्रवार पेठेतील श्रीलक्ष्मीसेन मठात दर्शन घेऊन आम्ही टाऊन हॉल गाठला. १८७० च्या दशकात चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराच्या आराखड्यावरून उभारलेली ही दगडी इमारत आहे. आत ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. पंचगंगेच्या काठचे हे टेकाड १९४० च्या दशकात खणले गेले. १९४५-४६ च्या उत्खननात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांचा हात होता. या वस्तूंत वीतभराहूनही लहान अशी एक काशाची मूर्ती आहे. ती ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची असून तिची घडण रोमन आहे.

समुद्रापासून एवढ्या आत, घाटमाथ्यावर, हा परदेशी देव आला कसा? याचे उत्तर व्यापाऱ्यासच चटकन समजावे. सातवाहनांच्या काळी तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यांच्या बळावर आमच्या पश्चिम किनाऱ्यास लागत. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या टिपणांत नोंदलेली आहेत. मद्य, धातू व काचसामान येई. मिरी व सुती कापड जाई. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे. त्याच मालाबरोबर ही मूर्तीही कोणा सार्थवाहाच्या गाठोड्यातून आली असावी, असे आम्हांस वाटते. आमच्यातील एक वृद्ध अडते त्या काचेपुढे बराच वेळ उभे राहिले व म्हणाले, "म्हणजे आमच्या आधी दोन हजार वर्षांपूर्वीही इथे आडत होती!"

चित्रांच्या दालनात आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार कोटितीर्थाच्या परिसरात फकिरासारखे राहत. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, तेव्हा या कलावंताने शोकाने आपली पुष्कळशी चित्रे पंचगंगेत सोडून दिली, अशी कथा सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. आज त्यांची थोडीच चित्रे हाती उरली आहेत, हे ध्यानी घेऊन पाहिले म्हणजे त्या लहानशा चौकटीपुढून पाय निघत नाही.

राजारामपुरीत नट व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर संग्रहालयासाठी देऊन टाकले. तेथील पावडर शेडिंगची चित्रे मुलांना फार आवडली. चंद्रकांतांवरून बाबूराव पेंटर यांचा विषय निघाला. त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' हा चित्रपट आमच्या धंद्यास टोचणारा खरा, पण टोचले म्हणून नाकारावे असा नव्हे. नव्या राजवाड्यात मात्र पेंढा भरलेले वाघ व इतर शिकारी पाहून आमच्या मंडळींनी माना फिरविल्या व पुढे चालू लागल्या.

आता खाण्याविषयी. कोल्हापूर म्हटले की मिसळ; पण कांदा-लसणाशिवाय तिचा कट होत नाही, आणि आम्ही तो हट्टही धरला नाही. गंगावेशीत डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध मिळते. ते घरच्या नियमाप्रमाणे उकळवून, वस्त्रगाळ करून घेतले.

खरी चव मार्केट यार्डात घेतली, ती गुळाची. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळात उसाच्या रसातील मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. काहिलीतील मळी काढून पाक साच्यात ओतला की रवा तयार. मात्र गिऱ्हाइकास पिवळाधमक रंग हवा असतो, म्हणून कित्येक ठिकाणी 'हायड्रोस' नावाची भुकटी टाकतात. तो रंग टिकत नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचा अंश मात्र राहतो. आम्ही दोन्ही रव्यांचे खडे मुलांच्या हातावर ठेवले. पिवळा जिभेला किंचित खारट लागला. तांबूस तपकिरी गूळ तोंडात विरघळून मागे काकवीचा वास ठेवून गेला. "मग दुकानात आपण पिवळाच का मांडतो?" असे एका नातीने विचारले. आजोबांनी भावातील फरक सांगून पाहिला, पण तिचे समाधान झाले नाही, आणि खरे म्हणजे आमचेही झाले नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून घाई करून रंकाळ्याच्या काठी शिदोरी सोडली. दशम्या, मेतकूट व बेळगावचा कुंदा होता. त्यात तांबूस गुळाच्या एका रव्याची भर पडली. परतल्यावर त्या आजोबांनी दुकानाच्या दर्शनी फळीवर तोच गूळ मांडला आहे. विक्री सध्या मंद आहे.